खिशात नोटीस, पाटावर जावई

माझ्या नावावर कारंज्यात दोन घरं आहेत आणि दोन्ही घरांत मला पाहुण्यासारखं वागावं लागतं.

पहिल्या घराचं मी समजू शकतो. तिथे माझी बायको राहते. पण दुसरं घर मी खास गुंतवणूक म्हणून घेतलं होतं! भाड्याने द्यायचं, महिन्याच्या महिन्याला भाडं घ्यायचं आणि बाकी वेळ पाय पसरून बसायचं, एवढी साधी योजना होती. त्या योजनेचं पुढे जे काही झालं ते ऐकून आमच्या चहाच्या टपरीवरची मंडळी अजून हसतात, आणि चहाचे पैसे मात्र माझ्याकडूनच घेतात.

उभी नोकरी मी बसच्या आगारात वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे स्टँडवर जाळीच्या खिडकीमागून "प्रवाशांनी कृपया लक्ष द्या" असं सांगणारा जो आवाज यायचा, तो माझा. माझ्या एका शब्दावर बावन्न सीटची गाडी मागे सरकायची, पुढे यायची, मानोऱ्याला निघून जायची. अशा माणसाला एक भाडेकरू हलवणं अवघड जाईल असं कोणाला वाटेल? मलाही वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर हातात मोबाइल आला आणि तिथेच घात झाला. त्यात एक कोटवाला माणूस रोज सकाळी उगवायचा आणि सांगायचा, "तुम्ही झोपलेले असताना तुमच्या घरानं तुमच्यासाठी कमावलं पाहिजे!" यातला झोपण्याचा भाग मला आधीपासून जमत होता. म्हटलं, उरलेलाही जमवून टाकू. भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढले, थोडं कर्ज घेतलं आणि मानोरा रोडच्या बाजूला तीन खोल्यांचं, पुढे ऐसपैस अंगण असलेलं घर घेतलं.

शकूला (म्हणजे माझी बायको शकुंतला) ही बातमी मी पेढा हातात ठेवून दिली.

"राहाले एक घर आहे ना आपल्याले? मंग दुसरं कायले?"

"भाड्यानं द्याले. इन्व्हेस्टमेंट म्हणतात त्याले."

"म्हणजे राहाचं दुसऱ्यानं, अन् नळ गयला का दुरुस्त आपण कराचा?"

मी मोठ्यानं हसलो. कोटवाल्या माणसानं शंभर व्हिडिओत जे सांगितलं नाही ते या बाईनं एका वाक्यात सांगितलं होतं, पण तेव्हा मी हसण्याच्या मनःस्थितीत होतो.

भाडेकरू येण्याआधीच मी सतरा नियम लिहून काढले. भिंतीला खिळा ठोकू नये. अंगणात काही लावू नये. फरशीवर पाणी सांडू नये. गच्चीवर धान्य वाळवू नये. पहिला माणूस नियम क्रमांक तीनला उठून गेला, दुसरा सातला. उकंडराव मात्र सतराच्या सतरा ऐकत मान डोलवत बसले. मानोऱ्याकडच्या एका गावात त्यांचा भाजीपाल्याचा मळा. दोन पोरींना कारंज्याच्या शाळेत घातलेलं, आणि रोज पहाटे भाजी बाजारात आणायची म्हणून इथे घर हवं होतं.

"समदं पटलं का?" मी विचारलं.

"हाव साहेब. तुमचं घर, तुमचा कायदा."

मी खूश! लगेच स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार केला. नियमांचा कागद त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला (खिळा ठोकायचा नव्हता ना!) आणि मालकाच्या चालीनं घरी आलो.

महिन्याभरानं पाहतो तर अंगणात मेथी, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), मिरची आणि कुंपणाला दोडक्याचा वेल.

"उकंडराव, हे काय? अंगणात काही लावाचं नाई ठरलं होतं!"

"लावलं कुठी साहेब? आपोआपच उगोलं."

"सरळ रांगेत?"

"आता तुमच्या अंगणात उगोलं म्हणल्यावर शिस्तीतच उगोन ना!"

मी नियमाचं कलम आठवत होतो, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, पंचफुलानं, माझ्या पिशवीत सांबाराची मोठी जुडी आणि पावशेर मिरच्या घातल्या. घरी शकूनं ती जुडी हुंगली, डोळे मिटले आणि त्याच क्षणी पक्ष बदलला. पुढे ती आठवड्यातून एकदा "भाजी पाहून येतो" म्हणून तिकडे जायला लागली, मग दोनदा, मग रोज. सोयाबीन निघाल्यावर माझ्या गच्चीवर पोतीच्या पोती वाळत पडली होती. ती वाळवायला हातात खराटा घेऊन घरमालकीण उभी होती.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मग दिवाळी आली.

इथे शकूबद्दल थोडं सांगायला पाहिजे. तिचं माहेर रिसोडकडे, केनवडला. एकुलती एक लेक, भाऊ नाही. सासरे होते तोवर ठीक होतं. ते गेले आणि तिचं माहेरच संपलं. घर चुलत्यांकडे गेलं, बोलावणी आली नाहीत. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. शकू दरवर्षी दिवेलागणीला तबक घेऊन गच्चीवर जायची, ओवाळायची, आणि खाली येऊन काहीच झालं नाही अशा थाटात भाजी फोडणीला टाकायची. मी त्या वेळी मुद्दाम रेडिओ लावून बसायचो. दुसरं काय करावं हे मला कधी सुचलं नाही, हे खरं आहे.

त्या दिवाळीत ती गच्चीवर गेलीच नाही. तबक घेतलं आणि मानोरा रोडच्या दिशेनं निघाली. परत आली ती हिरवी साडी आणि लालबुंद डोळे घेऊन.

"भावानं घेतली," ती म्हणाली.

मी म्हटलं, चला, सण आहे, बाईला बरं वाटलं. साडीही चांगली होती. त्या साडीनं माझा स्टॅम्पपेपर रद्द झालाय, हे माझ्या ध्यानात आलंच नाही!

ध्यानात आलं उन्हाळ्यात. कराराचे अकरा महिने संपत आले होते, आणि एक क्लासवाले सर मला शोधत टपरीवर आले. त्यांना शिकवणीसाठी घर हवं होतं. भाडं जवळजवळ दुप्पट! मधली भिंत पाडायची, बाकं टाकायची आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत क्लास सुरू करायचा. सगळ्या टपरीसमोर मी हातात हात दिला, विसार घेतला आणि म्हणालो, "एक तारखेले घर तुमचं." मित्र माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहत होते. कोटवाला माणूस म्हणतो ते हेच, असं वाटून माझा ऊर भरून आला.

आता फक्त उकंडरावांना सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर दोनदा सराव करून गेलो.

"उकंडराव, एक बोलाचं होतं."

"बोला ना साहेब. पण पयले हे पहा. पाण्याच्या टाकीचा कॉक गेलता. म्या नवा बसवला. तुमाले कायले तरास द्याचा उन्हातानात!"

"साजरं केलं," मी म्हणालो आणि दोन किलो वांगी घेऊन परत आलो. (वांगी फार चांगली होती, ते सांगितलंच पाहिजे.)

मग शकूला मध्ये घालायचं ठरवलं. ती मेथी निवडत बसली होती. मेथी कुठली ते सांगायला नकोच.

"शकू, तू सांग ना त्याले."

"काय सांगू?"

"घर खाली कराले."

तिचे हात थांबले. "अवो, तुमी माह्या भावाले घराबाहेर काढून राह्यले, अन् तेही माह्या तोंडून?"

"भाऊ कायचा? भाडेकरू आहे तो! करार आहे माह्याकडे."

"माह्याकडे साडी आहे," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

आता लेखी नोटीस देण्यावाचून इलाज नव्हता. मी फूलस्केप कागद घेतला आणि जन्मभराच्या सवयीनं सुरुवात केली : "कृपया लक्ष द्या. मानोरा रोडवरील घराचे प्रवासी श्री. उकंडराव यांना सूचित करण्यात येते की..." 'प्रवासी' खोडून 'भाडेकरू' केलं. पुढे घर महिनाअखेर रिकामं करण्याचं खणखणीत वाक्य लिहिलं, सही ठोकली, कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. आणि दाराची कडी वाजली!

दारात उकंडराव आणि पंचफुला. हातात हळदी-कुंकवाचं ताट.

"रविवारी धोंड्याचं जेवण आहे," उकंडराव म्हणाले. "ताईले अन् जवाईबापूले बोलवाले आलो."

जवाईबापू म्हणजे कोण, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मागे वळून पाहिलं, तर मागे फक्त फ्रिज होता.

यंदा अधिक महिना उन्हाळ्यात आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीनेक वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला माहेरच्यांनी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, कपडे करायचे. सासरे गेल्यापासून माझे कितीतरी धोंड्याचे महिने कोरडे गेले होते. शेजारचे जावई चांदीची निरांजनं घेऊन गावाहून परतायचे आणि शकू घरीच पुरण घालून माझ्या पानात वाढायची. "घ्या, तुमच्या सासरचं समजा," म्हणायची. मी समजायचो.

शकूनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे नाही म्हणायची माझी टाप नव्हती. शिवाय माझ्या डोक्यात एक भयंकर हुशार विचार आला होता. जेवायला जावं, सगळे तृप्त होऊन बसलेले असताना हळूच नोटीस द्यावी. भरल्या पोटी माणूस भांडत नाही. क्लासवाल्या सरांनाही मी फोन करून टाकला, "रविवारी दुपारी या अन् खोल्या मोजून घ्या." एका दगडात सगळी कामं!

रविवारी उकंडरावांची माय खास गावाहून आलेली. तिनं मला दारातच अडवलं, पितळी परातीत उभं केलं आणि माझे पाय धुवायला लागली. पाणी सगळ्या फरशीवर! दाराच्या आत चिकटवलेला नियमांचा कागद मला समोर दिसत होता आणि त्यातला फरशीचा नियम मी स्वतः दोन्ही पायांनी मोडत होतो.

मग कपडे. पांढरा पायजमा, कुडता आणि टोपी.

"आत्ताच घाला," माय म्हणाली.

"घरी जाऊन घालतो ना, मावशी."

"जवाई जुन्या कपड्यानं पाटावर बसत नसते. घाला!"

इतक्या ठामपणे मी उभ्या नोकरीत माईकवरून बोललो नव्हतो. मधल्या खोलीत जाऊन मुकाट कपडे बदलले. भिंतीला एक खिळा होता (नियम क्रमांक एक!), त्याला माझा शर्ट अडकवला. आणि टोपी सरळ करण्याच्या नादात नोटीस शर्टातच विसरलो.

पाटावर बसलो. शेजारच्या पाटावर शकू, हिरव्या साडीत. समोर धोंडे, वर तुपाची धार. मी पहिला धोंडा हातात घेतला तोच फाटकातून हाक आली, "कंट्रोलर साहेब आहेत का?" क्लासवाले सर, हातात मोजपट्टी!

"कोण हो?" उकंडरावांनी विचारलं.

"मी... साहेबांनी बोलावलं होतं. खोल्या मोजायला."

मी पाटावरून अर्धवट उठलो, पण मायनं मला खांदा दाबून खाली बसवलं. "जवाईबापूचे पाहुणे का? मोजा ना बापा, पण जेवून मोजा. पंचफुले, पाट टाक!" आणि दोन मिनिटांत माझ्या घराचा होणारा भाडेकरू, माझ्या घराच्या असलेल्या भाडेकरूच्या पंगतीत, मोजपट्टी मांडीखाली घालून पुरणावर तूप वाढून घेत होता. माझा घाम टोपीतून खाली यायला लागला.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण पंचफुला माझा शर्ट घडी करायला गेली.

"ताई, जवाईबापूच्या खिशातून हा कागद पडला पहा."

शकूनं हात पुसला आणि कागद उघडला. माझ्या तोंडात त्या वेळी अख्खा धोंडा होता. (धोंडा असा पदार्थ आहे की तो तोंडात असताना 'नको' हा शब्दही उच्चारता येत नाही.) ती वाचत होती. ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, संपलं. भर पंगतीत हा कागद माझ्या अंगावर येणार!

"काय लिहेल आहे ताई?" उकंडरावांनी विचारलं.

शकूनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"कृपया लक्ष द्या. मानोरा रोडवरील घराचे भाडेकरू श्री. उकंडराव यांना सूचित करण्यात येते की..." इथवर अक्षरन् अक्षर माझं होतं. "...की त्यांनी घर बिलकुल खाली करू नये. करार आणखी अकरा महिने वाढवून राह्यलो. भाडं आहे तेच. दुसऱ्या कोणाले हे घर देणार नाई."

क्लासवाल्या सरांचा घास हवेत थांबला.

"अंगणात पाह्यजे ते लावावं. गच्चीवर पाह्यजे ते वाळवावं. स्लॅब गयते, ते पावसाआधी मालक स्वतःच्या खर्चानं करून देईन." (स्लॅब गळतो हे मला तेव्हाच कळलं!) "भिंतीले रंगही मारून देईन."

मी घशातून काहीतरी आवाज काढला. मायनं मला पाणी दिलं.

शकू कागदावरून नजर न उचलता वाचत होती. कागदावर खाली फक्त माझी सही उरली होती, तरी ती वाचतच होती. "कारण की हे घर..." तिनं कागद आणखी जवळ धरला. "हे घर माह्या बायकोचं माहेर आहे."

पंचफुलानं पदर डोळ्याला लावला. उकंडरावांनी मान खाली घातली. शकूनं कागदाची घडी केली आणि माझ्याकडे पाहिलं. संसाराच्या इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे एवढं घाबरून कधी पाहिलं नव्हतं. मी एका शब्दात तिला खोटं पाडू शकत होतो, आणि ते तिला माहीत होतं.

तोपर्यंत माझा धोंडा गिळून झाला होता. बोलायला तोंड पूर्ण मोकळं होतं.

"हाव," मी म्हणालो. "म्याच लिहेल आहे."

मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "जवाई असावा त असा!" आणि पानात आणखी दोन धोंडे पडले. क्लासवाले सर भले माणूस, त्यांनी शेवटपर्यंत जेवण केलं, अनारशाचं तर कौतुक केलं. मग हात धुता धुता माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, विसार कधी परत देता?"

विसार दिला. टपरीवरचा आदरही त्याच दिवशी परत द्यावा लागला. पावसाआधी स्लॅब केला, भिंती रंगवल्या. रंग शकूनं निवडला, माहेर तिचं ना! उकंडराव भाडं अगदी एक तारखेला आणून देतात, आणि शकू त्यातून "भाच्यांचं शाळेचं" म्हणून काय काढून घेते ते मी मोजत नाही. नियमांचा कागदही अजून तिथेच आहे. धोंड्याला आलेली माय आता तिथेच राहते, आणि त्या कागदाच्या कोऱ्या कडेला तिनं दुधाचा हिशेब लिहायला घेतलाय.

आणि परवा तर कहर झाला. भाजीत मीठ कमी आहे एवढंच मी बोललो. शकूनं पिशवी भरली आणि म्हणाली, "मी माह्या माहेरी चालली!" लग्नानंतर इतक्या वर्षांत ही धमकी द्यायची सोयच तिला नव्हती. आता आहे, सायकलनं दहा मिनिटांवर. मी संध्याकाळी तिला आणायला गेलो. माझ्याच फाटकाची कडी वाजवून माझ्याच ओट्यावर टोपी हातात घेऊन उभा राहिलो.

"बसा जवाईबापू," माय आतून म्हणाली. "पोरगी दोन दिस राहू द्या अठी. लय थकून गेली बिचारी तुमच्या घरी."

उकंडरावांनी माझ्याकडे फक्त बहिणीच्या नवऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं, आणि मी खाली पाहिलं.

तो कोटवाला माणूस अजूनही रोज सकाळी मोबाइलवर येतो. दुसरं घर झालं, आता तिसरं घ्या म्हणतो. मी लगेच बंद करतो. लोकांना सासुरवाडीकडून सोनं मिळतं, गाडी मिळते, कुणाला घरही मिळतं. पण निवृत्तीचे पैसे घालून, वर कर्ज काढून, रजिस्ट्री करून सासुरवाडीच विकत घेणारा जावई अख्ख्या वाशीम जिल्ह्यात मी एकटाच असेन, आणि तिचे हप्ते अजून चालू आहेत!